गिनीपेक्षा टंचाच्या चिठ्ठीनंच जास्त छळलं

मला हवी होती ती मुंबईत पाडलेली गिनी, म्हणजे सॉव्हरिन हे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं. मुंबईच्या टांकसाळीत त्या फक्त 1918 साली पडल्या, तेरा लाखांच्या आसपास. ओळखायची खूण एवढीच, की नाण्याच्या घोडा असलेल्या बाजूवर, सालाच्या वर जी जमिनीची रेघ असते तिच्या मधोमध बारीक इंग्रजी 'आय' असतो. एका व्यापाऱ्याकडे तशी मिळाली. जुनं नाणं म्हणून सोन्याच्या भावावर बरेच चढवून मागत होता. वजन 7.98 ग्रॅम, व्यास 22 मिलिमीटरला किंचित वर, म्हणजे दोन्ही ठीक. तरी मी घुटमळतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "टंच काढून घ्या, मग तर झालं?" टंच म्हणजे सोनं किती शुद्ध आहे ते तपासणं. बरोबर त्यानं एक माणूसही दिला, कारण नाणं अजून त्याचंच.

टंच सेंटरच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दागिना असेल तर घेऊ. नाण्यासाठी सराफाचं पत्र लागेल." पत्र आणलं. मग मशीनवरचे साहेब जेवायला गेलेले. ते आले तर प्रिंटर रुसलेला. व्यापाऱ्याचा माणूस दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून उसासे टाकत होता, जणू गिनी मीच लपवून ठेवली होती. पावती हातात आली तर तिच्यावर वस्तूचं नाव 'पदक'! "अहो, हे पदक नाही, नाणं आहे." "आमच्या यादीत नाणं नाही." वाद घालून उपयोग नव्हता.

एवढ्यात आतल्या पोऱ्यानं नाणं उचललं आणि "कडेला जरा घासून बघतो" म्हणत कसोटीचा दगड पुढे ओढला. मी काउंटरवरूनच ओरडलो. जुन्या नाण्याची कड घासली की नाणं म्हणून त्याची किंमत गेली, उरतं नुसतं सोनं. म्हणून आधीच बजावून ठेवा: घासायचं नाही, कापायचं नाही, पॉलिशही करायचं नाही.

शेवटी चिठ्ठी आली, 91.6, म्हणजे शंभरात एवढे भाग सोनं. व्यापाऱ्याचा माणूस लगेच उठला, "झालं ना काका?"

काहीच झालं नव्हतं, आणि मला राग आहे तो याचाच. ते मशीन वरच्या पापुद्र्यापुरतं बोलतं. आत टंगस्टन, म्हणजे जवळपास सोन्याइतकाच जड पण स्वस्त धातू, असेल आणि वर सोन्याचा जाड मुलामा, तर चिठ्ठी तीच येणार. त्याहून वाईट म्हणजे सोनं पूर्ण खरं असूनही नाणं खोटं असू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बैरुतकडे अशा गिन्या खऱ्या सोन्यात पाडल्या जात, कारण नाण्याला सोन्यापेक्षा जास्त दाम मिळत असे. टंचाला यातलं काय कळणार? अर्धा दिवस घालवून मी फक्त 'पदक' बावीस कॅरेटचं असल्याचा कागद मिळवला.

टंगस्टनची शंका पाण्यानं फिटते, आणि त्यासाठी सेंटरही लागत नाही. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करायचा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरायचं. तळाला, कडेला लागू द्यायचं नाही, बुडबुडे झटकायचे. खऱ्या गिनीला काटा 0.45 किंवा 0.46 ग्रॅम दाखवतो. टंगस्टन 0.41च्या आसपास, पितळ असेल तर त्याच वजनाला दुपटीहून जास्त. काटा मात्र 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा. व्यापारी पाण्याला तयार होईना, "नाणं ओलं करत नाहीत" म्हणे. सोनं पाण्यानं बिघडतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी म्हटलं, दुसरी आहे का? तो खुशीत आणखी एक घेऊन आला, तीही 1918, तीही 'आय'वाली. दहापट भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिलीवर, घोड्याच्या मागच्या बाजूला असलेल्या पाचव्या जॉर्ज राजाच्या हनुवटीखाली एक बारीक खड्डा होता. दुसरीवरही तोच, त्याच जागी, तेवढाच. वापरात, पिशवीत पडणारे पोचे प्रत्येक नाण्याला वेगळे असतात. दोन नाण्यांवर तंतोतंत एकच पोचा म्हणजे दोन्ही एकाच पोचलेल्या नाण्यावरून उठवलेली. अक्षरंही कडा वितळल्यासारखी गोलसर होती. मी भिंग त्याच्याच हातात दिलं. बराच वेळ बघून म्हणाला, "पण सोनं तर खरं आहे ना?" मी म्हटलं, मग मोडीच्या भावानं द्या. नाही दिली.

एक राहिलंच. नाणं वर-खाली दोन बोटांत धरून बाजूनं फिरवा. पाचव्या जॉर्जच्या गिनीत राजा सरळ असेल तर घोडाही सरळच दिसला पाहिजे. उलटा दिसला तर पुढे तपासायचे कष्टच नकोत.

नंतर दुसरीकडे घेतली. तिथं पाण्याचा पेला त्यांनीच काढला. 7.97 ग्रॅम भरली. 7.938च्या खाली झिजलेली गिनी इंग्रजांच्या काळीही चलन म्हणून चालत नसे, तेव्हा ही चांगलीच. बिलावर 'सोन्याचं नाणं' एवढ्यावर भागवू देऊ नका; साल, टांकसाळ, वजन सगळं लिहून घ्या. आणि ही अमेरिकेतल्या भाचीला पाठवायचा विचार असेल तर सोडा: शंभर वर्षांपुढचं नाणं 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.