सेलाच्या अलीकडे, साडेचार वाजता

अरुणाचलमधल्या तवांगहून दिरांगला उतरायचा दिवस होता. डिसेंबरची अखेर. सेला बोगदा तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळे सुमारे १३,७०० फुटांवरची सेला खिंड ओलांडण्यावाचून दुसरी वाट नव्हती. दोन सुमो, त्यात पुण्या-नाशिकची बहुतेक साठी ओलांडलेली मंडळी आणि टूर मॅनेजर म्हणून मी. सकाळी वेळेत निघालो, पण जांगच्या अलीकडे लष्कराचा ताफा जाईपर्यंत रस्ता बंद होता. त्यात बराच वेळ गेला. या रस्त्यावर ताफ्याला आधी वाट द्यायची, त्यात वाद नसतो.

जसवंतगढला थांबलो. १९६२च्या नोव्हेंबरात नुरानांगच्या लढाईत लढता लढता गेलेले गढवाल रायफल्सचे जसवंतसिंह रावत यांचं हे स्मारक. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. जवान येणाऱ्या-जाणाऱ्याला गरम चहा देतात आणि पैसे घेत नाहीत. आमच्यातल्या एक काकू तिथे बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. त्यांना घाई करायला माझी जीभ रेटेना.

खिंड थोडी वर राहिली असताना गाड्यांची रांग लागलेली दिसली. पुढच्या वळणावर एक ट्रक घसरून आडवा झाला होता. तीन वाजायला आले होते. आमचे ड्रायव्हरदादा तिथल्या मोनपा जमातीचे, तवांग भागातच लहानाचे मोठे झालेले. ते खाली उतरले, वळणापर्यंत चालत गेले, बुटाने रस्ता घासून पाहिला आणि परत येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, अभी मुडेंगे तो उजाले में जांग पहुँचेंगे."

मागून आमच्यातले एक काका म्हणाले, "ताई, अजून तीनही वाजले नाहीत. दिवस मावळायला तीन तास आहेत. थांबू या."

काकांचं गणित मुंबई-पुण्याच्या घड्याळाचं होतं आणि तिथे ते बरोबरच आहे. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तवांग मुंबईच्या जवळजवळ एकोणीस अंश पूर्वेला आहे, आणि रेखांशाच्या दर अंशाला सूर्य चार मिनिटं आधी. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेचं. म्हणून तिथे डिसेंबरात साडेचारच्या आसपास सूर्य जातो, आणि डोंगराच्या कुशीत असाल तर त्याच्याही आधी. आसामच्या चहामळ्यांनी तर यावर आपल्यापुरता उपाय केला आहे. तिथली 'बागान वेळ' भारतीय वेळेच्या तासभर पुढे चालते.

ऊन गेलं की या रस्त्याचं काय होतं, ते समजून घ्यायला हवं. दिवसा वितळलेलं पाणी डांबरावर पसरतं, सावली आली की गोठतं आणि गाड्यांच्या चाकांनी घासून काचेसारखं होतं. ताजा बर्फ निदान दिसतो. हा थर ओल्या डांबरासारखा काळा असतो, त्यामुळे हेडलाइटच्या उजेडात कळत नाही. चाकांना साखळ्या लावल्या तरी उतारावर ब्रेकचा भरवसा नाही.

थांबायचं म्हटलं, तर कुठे, हाही प्रश्न होताच. त्या उंचीवर हवा विरळ. आमच्यात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे होते, एकांना मधुमेह. रात्र गाडीत काढायची म्हणजे हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं, काचा बंद. बर्फाने मागची नळी बुजली तर धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. ही भीती मी मनात ठेवली नाही, सगळ्यांना स्पष्ट सांगितली. ड्रायव्हरदादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे माझं ठरलेलं होतं. त्यांनी तो रस्ता बुटाने घासून पाहिला होता, आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता.

आम्ही वळलो. काका वाटेत एक अक्षर बोलले नाहीत.

जांगला ड्रायव्हरदादांच्या मावशींचं घर होतं. मधल्या खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, पेटलेली, तिच्याभोवती सगळे बसलो. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर मावशींनी, त्यांना सगळे आमा म्हणत, भाज्यांचा थुक्पा (नूडल्सचं सूप) केला आणि नाचणीचं झान घोटलं, आपल्या उकडीसारखंच घट्ट. सकाळपासून बिस्किटांवर असलेल्या काकूंनी दोनदा मागून घेतलं. लोणी-मिठाचा चहा मात्र फारसा कोणाला रुचला नाही. आमांनी तो आग्रहाने पुन्हा पुन्हा भरला, कारण त्यांच्याकडे पाहुण्याचा पेला रिकामा ठेवत नाहीत. मग मी सगळ्यांना सांगितलं, पेला संपवूच नका. पाच वाजता बाहेर मिट्ट काळोख होता. घड्याळ पाहून दोघीतिघींनी घरी फोन लावले, तर तिकडे खिडकीत ऊन होतं.

रात्री खबर आली की ट्रक हलला आणि नऊच्या सुमारास थांबलेल्या गाड्या पार झाल्या, सुखरूप. काका म्हणाले, "बघा ताई, थांबलो असतो तर उद्या गेंडा दिसला असता." दुसऱ्या दिवशीची काझिरंगाची सफारी आता बुडणार होती आणि तिची सगळ्यात जास्त ओढ त्यांनाच होती. मी म्हटलं, "दिसला असता, काका." त्यांना वाईट वाटलं ते खरंच होतं. माझा निर्णय मात्र मला आजही तसाच योग्य वाटतो. बाकीचे पार झाले म्हणून तो धोका लहान होता असं मी कधीच म्हणणार नाही.

सकाळी सीमा सडक संघटनेच्या माणसांनी बर्फ काढून माती टाकली होती. नऊच्या आत आम्ही खिंडीवर होतो, खाली सेला सरोवर गोठलेलं. बाहेरच्यांना अरुणाचलात जायला लागणाऱ्या इनर लाइन परमिटची चिंता नव्हती. ते काढताना मी शेवटची तारीख नेहमी दोन दिवस पुढची घालते.

मार्च २०२४मध्ये सेला बोगदा सुरू झाला आणि खिंडीचा सगळ्यात वाईट टप्पा टळला. तरीही तवांगहून परतताना दिरांगचा मुक्काम मी कार्यक्रमातून काढत नाही, दोनच्या आत सेला मागे टाकायचं हा नियम सोडत नाही, आणि काझिरंगा आता तवांगच्या आधी घेते. परतीच्या वाटेवर गुवाहाटीत एक दिवस मोकळा असतो. रस्ता वेळेत मिळाला तर कामाख्येचं दर्शन, नाही मिळाला तर तो दिवस डोंगरातच जातो आणि कोणाचा गेंडा बुडत नाही.