पंखे शांत झाले तेव्हा

रेंडर, म्हणजे थ्रीडी सीनवरून अंतिम चित्र काढायचं काम, सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे मंदावले. कॅबिनेट उघडंच होतं, मी शेजारी बसलो होतो, म्हणून लगेच कळलं. एवढा जड सीन लावल्यावर पंख्यांचा आवाज चढायला हवा. स्क्रीनवर पाहिलं तर जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर ९९ टक्के, पण कार्ड वीज घेतंय पन्नास-पंचावन्न वॅट. ११५ वॅटचं कार्ड पूर्ण राबतंय म्हणे, आणि वीज निम्मीच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

इमारतींची आतली-बाहेरची चित्रं आणि ॲनिमेशन करणं हे आमचं काम. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, त्यातलं रेंडर करणारं सायकल्स इंजिन आणि रात्र-रात्र चालणारी मशिनं. ही मशिनं माझ्याकडे. जुनी कार्डं बदलायची ठरली तेव्हा शेवटी दोन नावं उरली: एनव्हीडियाचं २०२१ सालचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं, आणि २०२३ सालचं आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचं. दोन्ही एकेक आणली होती. एकाच मशिनमध्ये, एकाच ड्रायव्हरवर आलटून पालटून चालवायची आणि संध्याकाळपर्यंत काय घ्यायचं ते सांगायचं, एवढंच त्या दिवशी होतं.

नुसती आकडेवारी वाचली तर नवं कार्ड घ्यावंसंच वाटणार नाही. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), ४०६० मध्ये ३०७२. मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता, १९२ बिटची होती, ती १२८ बिटची झाली. बँडविड्थचा, म्हणजे त्या रस्त्याने सेकंदाला किती डेटा जातो याचा, हिशेब तोंडी करता येतो: बसची रुंदी भागिले आठ, गुणिले मेमरीचा वेग (३०६० चा १५, ४०६० चा १७ गिगाबिट). १९२ ला ८ ने भागून १५ ने गुणलं की सेकंदाला ३६० जीबी. १२८ ला ८ ने भागून १७ ने गुणलं की २७२. तरीही ४०६० पुढे जातं. त्याचा बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपचा जाहीर कमाल वेग, १७७७ मेगाहर्ट्झवरून २४६० वर गेला आहे आणि चिपवरची एल२ कॅश ही छोटी, जलद मेमरी ३ एमबीवरून थेट २४ एमबी झाली आहे. हवा तो डेटा कॅशमध्येच सापडला तर मेमरीपर्यंतचा हेलपाटा वाचतो, मग बस अरुंद असली तरी फारसं अडत नाही. आणि हे सगळं १७० वॅटऐवजी ११५ वॅटमध्ये. रात्रभर तापणाऱ्या खोलीत काम केलेल्या माणसाला या फरकाची किंमत कळते.

(३०६० घेणार असाल तर खोक्यावरची मेमरी नक्की वाचा. त्याच नावाचं ८ जीबीचं, १२८ बिट बसचं कार्डही आहे आणि त्याची बँडविड्थ २४० जीबीच आहे. नाव एक, कार्ड वेगळं.)

दुपारपर्यंत आमच्या नेहमीच्या चाचणीच्या सीनने हेच दाखवलं. ३०६० ला सहा मिनिटं, ४०६० ला साडेचार. तीन-तीनदा चालवलं, फरक तोच. मी अहवाल लिहून टाकला: ४०६० घ्यावं.

पाठवणार इतक्यात पलीकडच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, “दादा, एकदा माझा तो रंगमंचवाल्या हॉलचा सीन लावून बघा ना. नेहमीचा सीन फारच हलका आहे.”

४०६० मशिनमध्ये होतंच. तिची फाइल लावली, आणि पंखे शांत झाले.

टास्क मॅनेजर उघडला. डेडिकेटेड, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या, मेमरीचा आलेख आठ जीबीच्या छताला टेकून सरळ रेषेत चाललेला, आणि त्याच्या खाली, एरवी कुणी बघतही नाही तो शेअर्ड मेमरीचा आलेख दोन जीबीच्या आसपास. सीन कार्डात मावला नव्हता. उरलेला भाग मुख्य रॅममध्ये जाऊन बसला होता आणि दर वेळी तिथून ओढून आणावा लागत होता. त्यात ४०६० ला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत, ३०६० ला सोळा. आमचा मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा, तिथे आठ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबीच जाऊ शकतात. कुठे २७२ आणि कुठे ८! चिप डेटाची वाट बघत थांबली होती. ‘वापर ९९ टक्के’ याचा अर्थ एवढाच की काम तिच्याकडे सतत सोपवलेलं आहे. ती त्यात किती राबतेय हे वीज सांगत होती.

“पण माझे टेक्स्चर पाच-पाच एमबीचे तर आहेत,” ती म्हणाली. टेक्स्चर म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं. पाच एमबीचे ते डिस्कवर, जेपेगमध्ये. मेमरीत ते उलगडून बसतात. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट: एकेक टेक्स्चर ६४ एमबीचा. तिच्या सीनमध्ये असे एकशे दहा होते. सात जीबी तिथेच संपले, खुर्च्या आणि छताची जाळी वेगळीच.

चाळीस मिनिटांत निम्मंही झालं नाही तेव्हा मी रेंडर थांबवला आणि ३०६० बसवलं. तेवीस मिनिटांत चित्र पूर्ण. मेमरी साडेनऊ जीबीच्या थोडी वर, पंखे शेवटपर्यंत घोंघावत होते. तो आवाज ऐकून मला खरंच हायसं वाटलं.

पण ४०६० ला नापास करून मोकळं होणं मला पटेना. आम्ही दोघं टेक्स्चरची यादी घेऊन बसलो. मागच्या रांगांमधल्या खुर्च्यांच्या कापडाला ४के कशाला? २के केलं, म्हणजे प्रत्येक बाजू निम्मी केली, की ६४ चे १६ एमबी होतात. असे साठ टेक्स्चर २के वर आणले, जवळजवळ तीन जीबी वाचले, सीन ४०६० मध्ये मावला आणि अठरा मिनिटांत झाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तिने चारपट मोठी करून पाहिली. मागच्या रांगांत फरक सापडला नाही. रंगमंचाच्या पडद्याला मात्र तिने हात लावू दिला नाही. “कॅमेरा अगदी जवळून जातो, वीण दिसली पाहिजे.” तिचं बरोबर होतं.

अहवाल मी पुन्हा लिहिला. मोठी इंटिरिअर करणाऱ्यांच्या मशिनांत १२ जीबीचं ३०६०, छोट्या वस्तूंची ॲनिमेशन करणाऱ्यांकडे ४०६०. तक्त्यात वेळेच्या शेजारी दोन रकाने वाढवले, कमाल मेमरी आणि वीज. तिचा हॉल तिला विचारून चाचणीच्या फोल्डरमध्ये घेतला.

तिचा पुढचा सीन हॉलबाहेरच्या बागेचा आहे, सगळी झाडं जवळून दिसणारी. बारा जीबी तरी पुरतात का, ते उद्या मोजायचंय.