तो नमुना जुलैचा होता

"मॅडम, व्याख्यानाचं बोलावणं तुम्हाला येतं, मग तुम्ही विद्यार्थ्यांना का उभं करता?" परिषदांचे आयोजक विचारतात, विभागातले सहकारी विचारतात. परवा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी फोन करून विचारलं. मी माझं काम त्यांच्या मुलावर ढकलते, असं त्यांना वाटत होतं. आजवर मी परीक्षा, तब्येत, पेपर तपासणी अशी कारणं दिली. ती खरी नव्हती. आता विचारलंच आहे, तर सांगते.

२०१३ साली बंगळूरच्या एका परिषदेत माझं व्याख्यान होतं. काम तांब्याच्या एका मॉफवरचं, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीवरचं. त्याचं नाव एचकेयूएसटी-१. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या गटाने तो पहिल्यांदा केला, त्यानंतर जगभरच्या लॅबमध्ये होतो आहे. सुका असला की गर्द जांभळट निळा, हवेतलं पाणी ओढलं की फिकट आकाशी. ओल्यात फार दिवस राहिला तर त्याची जाळी हळूहळू ढासळते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा पदार्थ सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आमच्याकडे ते माझ्या विद्यार्थिनीने केलं होतं. सगळी मापनं तिची. स्लाइडही तिनेच करून दिल्या. बोलणार मात्र मी, कारण निमंत्रणपत्रावर नाव माझं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही.

एका स्लाइडवर दोन नमुन्यांचं पृष्ठफळ होतं, म्हणजे आतल्या रंध्रांसकट एकूण पृष्ठभाग. एकाचं ग्रॅमला दीड हजार चौरस मीटरच्या पुढे, दुसऱ्याचं जेमतेम हजार. तिसऱ्या रांगेतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, कृती एकच असताना हा फरक का? मला उत्तर माहीत नव्हतं. मी एक क्षणही थांबले नाही. म्हणाले, धुताना कमी पडलंय, रंध्रांत द्रावक अडकून राहिलाय. "टीजीए केलंय का?" त्यांनी विचारलं. टीजीएत नमुना तापवत त्याचं वजन मोजतात. खरंच द्रावक अडकला असता तर तापवताना वजन घटलेलं दिसलं असतं. मी म्हणाले, "आत्ता सोबत नाही." ते "ठीक आहे" म्हणून खाली बसले. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी सुंदर व्याख्यान म्हणून आभार मानले.

परतताना ती विद्यार्थिनी आणि मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येत होतो. सकाळी घटप्रभा गेल्यावर, चहा संपल्यावर, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मॅडम, तो नमुना जुलैचा होता."

मग तिने सगळं सांगितलं. नमुने कोरडे ठेवायच्या डेसिकेटरमधली सिलिका जेल ओल शोषून निळ्याची गुलाबी झाली होती आणि चार दिवस कुणी बदलली नव्हती. नमुना फिकट पडला होता. एक्स-रे आलेखात जाळी ढासळल्याची जादा शिखरं होती. टीजीए तिने केलं होतं आणि त्यात द्रावक नव्हता. सगळं वहीत तारखेनिशी लिहिलेलं. टीजीएचा आलेख माझ्या व्याख्यानाच्या वेळी तिच्या मांडीवरच्या बॅगेत, पेनड्राइव्हवर होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना, मॅडम."

ती तक्रार करत नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला आजही सोसत नाही. तिची ती वही मी पाच महिन्यांत एकदाही उघडली नव्हती.

दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या मुलाचं पत्र आलं. माझं व्याख्यान ऐकून तो कित्येक आठवडे द्रावक बदलून बदलून नमुने धूत होता, पृष्ठफळ काही वाढत नव्हतं. आमची धुण्याची पद्धत कळवाल का, असं त्याने विचारलं होतं. मी खरं कारण लिहून कळवलं. पण त्या दिवशी सभागृहात बसलेल्या बाकीच्यांना कुठे गाठणार? छापलेल्या लेखाला शुद्धिपत्र काढता येतं. बोललेल्या वाक्याला ती सोय नाही.

तेव्हापासून ज्याच्या हाताने नमुना झाला, तोच बोलतो. मी मागच्या रांगेत बसते.

२०१३ची मी हे ऐकून गप्प बसली नसती. ती म्हणाली असती, गटप्रमुखाने सगळ्या कामाचा धागा सांगायचा असतो, एका पीएचडीच्या मुलाला तो कसा दिसणार? अनुदान समितीतले लोक मला ऐकायला येतात, माझ्या विद्यार्थ्याला नाही. आणि याच क्षेत्राचं २०२५चं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. त्यांच्या लॅबमध्ये रात्री जागलेल्यांची नावं कुठे आली? या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पहिले दोनही खोटे नाहीत. मला येणारी निमंत्रणं कमी झाली, आणि गटाला त्याची किंमत मोजावी लागते.

विद्यार्थ्यांनाही लागते. स्ट्रासबर्गला जायच्या एका मुलाचा व्हिसा परिषद संपल्यावर आला. त्याचं व्याख्यान रद्द झालं. मी गेले असते तर काम निदान लोकांपुढे तरी आलं असतं. एक मुलगी व्यासपीठावर इतकी घाबरली की त्यानंतर वर्षभर तिने पोस्टरही लावलं नाही. तिला मी पाठवलं होतं. तिची इच्छा आहे का, हे विचारलं नव्हतं. वही न उघडणं आणि हे, यांत फार अंतर आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

बंगळूरला माझ्यासोबत आलेली ती आता एका औषध कंपनीत आहे. दिवाळीला फोन करते. त्या प्रवासाविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या महिन्यात हैदराबादला जायचंय. ज्याचं काम आहे तो मुलगा म्हणतो, "मॅडम, व्याख्यान तुम्ही द्या. प्रश्नांना मी उभा राहतो." आयोजकांना तसं लिहिलंय. त्यांचा उलट प्रश्न आलाय, वक्ता म्हणून नाव कुणाचं छापायचं?