बुधवारचा खण

डिसेंबरात नागपुरात दोन अधिवेशनं भरतात. एक विधानभवनात. दुसरं धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगरातल्या अशा घरांत, ज्यांच्या किल्ल्या वर्षभर शेजारच्या काकूंकडे असतात. या दुसऱ्या अधिवेशनाचे बरेच सभासद व्हीआरसीई, एलआयटी या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून नाहीतर मेडिकलमधून शिकून बाहेर पडलेले. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलून दार उघडलं, त्यानंतरच्या लाटेत गेलेले हे इंजिनिअर आणि डॉक्टर आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. तिकडे बर्फ पडायला लागला की येतात, होळीच्या आसपास परततात. पूर्वी त्यांच्या बॅगेत चॉकलेटं आणि परफ्युमच्या बाटल्या असत. आता सगळ्यात आधी निघते ती गोळ्यांची डबी, सात वार, सकाळ-रात्र, चौदा खण.

मंगळवारी रात्री न्यूयॉर्कहून निघालेला माणूस दोहामार्गे गुरुवारी पहाटे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरतो. बुधवार सगळा आकाशात जातो. घरी येऊन डबी उघडावी तर बुधवारचा खण भरलेला. मग शिस्तीचा माणूस काय करतो? राहून गेलेली गोळी आणि आजची गोळी चहाबरोबर एकदम घेतो. रक्तदाबाच्या गोळीचं इथेच बिनसतं. अमलोडिपिनसारखं औषध अंगात दीड-दोन दिवस रेंगाळतं, त्यामुळे एक दिवस चुकल्याने आभाळ कोसळत नाही. पण दुप्पट मात्रा, त्यात प्रवासात पाणी कमी प्यालेलं, त्यात अपरात्री उठून बाथरूमकडे निघालेले पाय. चक्कर येते, माणूस पडतो, आणि सुटी खुब्याच्या ऑपरेशनमध्ये जाते. बुधवारची गोळी विमानातच, निघालेल्या गावच्या घड्याळाने घ्यावी. गुरुवारी सकाळपासून नागपूरचं घड्याळ. मधे साडेतेरा तासांचं अंतर पडतं, ते बहुतेक रोजच्या गोळ्यांना चालतं. इन्सुलिन, फिटची औषधं आणि रक्त पातळ करणारी औषधं यांना हा हिशेब लावू नये, त्यांचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच आणावं.

डबी संपत आली की पुढचा अंक धंतोलीतल्या औषधाच्या दुकानात. अमेरिकेत ॲस्पिरिन ८१ मिलिग्रॅमची, इथे ७५ ची. या सहा मिलिग्रॅमपायी मुलाला ह्यूस्टनला रात्री दोन वाजता फोन लावणारे काका आहेत; लावू नये, काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडगोळीने. आपल्याकडे एकाच गोळीत दोन औषधं, टेल्मिसार्टन ४० आणि अमलोडिपिन ५, सर्रास मिळतात. तिकडून आणलेली अमलोडिपिन डबीत असतेच, वरून ही. एखादा जाणता दुकानदार सांगतो, ‘काका, याच्यात ते आहेच न जी.’ सगळेच सांगत नाहीत. ॲसिटॅमिनोफेन आणि पॅरासिटामॉल हे एकच, तेव्हा अंगदुखीसाठी तिकडची एक आणि तापासाठी इकडची ६५० ची एक, असं दिवसभर चाललं तर यकृत हिशेब मागतं. दुकानात जाताना ब्रँडचं नाव नेऊन उपयोग नाही. मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, एवढं कागदावर मोठ्या अक्षरात असलं की झालं. फोनमध्ये ठेवलेली यादी चार्जिंग संपल्यावर कोणालाच दिसत नाही. टोरांटो-लंडनकडे साखर वेगळ्या एककात मोजतात, तिकडच्यांनी ग्लुकोमीटरच्या आकड्याला १८ ने गुणावं, म्हणजे तिकडचे ७ इथे १२६ होतात आणि ‘अरे वा, शुगर सातच!’ म्हणणाऱ्या मावशींचा गैरसमज दूर होतो.

संत्र्यांचं प्रकरण याहून मजेदार. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांच्या बाटलीवर तिकडे ताकीद चिकटवलेली असते, ग्रेपफ्रूट खाऊ नका. ते वाचून आंबिया बहाराच्या ऐन मोसमात नागपुरात बसून संत्र्याला हात न लावणारी माणसं आहेत, आणि तीच माणसं घरचं म्हणून पपनस मात्र सोलून खातात. सगळं उलटं! ग्रेपफ्रुटातली फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्यं आतड्यातल्या, औषध मोडणाऱ्या एन्झाइमला बंद पाडतात, मग सिम्वास्टॅटिनसारखी गोळी रक्तात नको तेवढी उतरते. पपनस त्याच भावकीतलं. नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, त्यात ही द्रव्यं नावापुरतीच. साखर असेल त्याने मोजून खावं, एवढंच पथ्य. खरी सावधगिरी रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना हवी, कारण तिकडे आठवड्यातून एकदा सॅलड खाणाऱ्या माणसाच्या ताटात इथे रोज मेथी नाहीतर पालक पडतो. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने वॉरफरिनचा जोर कमी होतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, खाली येतो. भाजी सोडायची नसते, रोज सारख्या प्रमाणात खायची असते. आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत तपासणी करून घ्यावी.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नये, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी. वापरात असलेली बहुतेक पेनं ३० अंशांखाली चारेक आठवडे टिकतात. जानेवारीच्या नागपुरात ती टेबलावर राहिली तरी चालेल, मार्चअखेरीला नाही. लाइट गेली तर फ्रिजपेक्षा जुना उपाय बरा: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडकं, त्यात पिशवीत गुंडाळलेलं पेन, वर झाकण. वाळू ओली ठेवायला कोणीतरी घरी मात्र लागतं.

दात आणि डोळे हा या मंडळींचा खास हिवाळी कार्यक्रम, कारण अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, नेहमीच्या दातांच्या कामाचे पैसे देत नाही आणि भारतातल्या इलाजांनाही साधारणपणे लागू होत नाही. पण दाताच्या इम्प्लांटला जबड्याच्या हाडाने धरायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे यंदा स्क्रू, पुढच्या हिवाळ्यात दात. एकाच मुक्कामात दोन्ही उरकू म्हणणाऱ्याला घाई नडते. मोतीबिंदूचंही तसंच. थेंब चार ते सहा आठवडे चालतात, चष्म्याचा नंबरही त्याच सुमारास ठरतो. दोन्ही डोळे करायचे तर दुसऱ्यासाठी आणखी काही आठवडे. डिसेंबरच्या मध्याला येऊन आधी लग्नं, मग ताडोबा, मग जानेवारीअखेर ऑपरेशन, असा बेत केलेल्यांचा चष्मा ठरायच्या आत विमान येतं.

आणि डोळ्यांवर तिकडचं सगळं टांगलेलं असतं. अमेरिकेतल्या उपनगरात गाडी सुटली की दूध, देऊळ, डॉक्टर तिन्ही सुटतात. इंग्लंडमध्ये लायसन्स सत्तरीला संपतं, मग दर तीन वर्षांनी नवं. नंबरप्लेट २० मीटरवरून वाचता आली पाहिजे. कॅनडाच्या ओंटारिओत ऐंशीनंतर दर दोन वर्षांनी दृष्टी तपासतात आणि कागदावर घड्याळ काढायला लावतात. गाडी कधी सोडायची हे आपण ठरवलेलं बरं, आणि ते ठरवायच्या आधी बसथांब्याजवळच्या घरात राहायला गेलेलं आणखी बरं. हे कोणाला आवडत नाही. चार बेडरूमचं घर मुलांसाठी ठेवलंय म्हणतात; मुलं तिथून तीन टाइमझोन पलीकडे.

कागदांचा कंटाळा सगळ्यांनाच, पण औषधांच्या यादीनंतर तोच विषय. इथल्या घराचं बघायला पुतण्याला मुखत्यारपत्र द्यायचं असतं. ते तिकडे करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घ्यावा किंवा वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करावं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं. पुतण्या लिफाफा देवघरात ठेवतो आणि तीन महिने कधी गेले ते कळत नाही. ‘माझी सर्व मालमत्ता’ असं ढोबळ लिहिण्यापेक्षा आखीव पत्रिकेवरचा (मालमत्ता पत्रकावरचा) क्रमांक आणि क्षेत्रफळ उतरवून, कोणत्या कामासाठी ते स्पष्ट लिहावं. तिकडच्या वकिलाने केलेलं ‘भान हरपलं तरी चालू राहणारं’ मुखत्यारपत्र इथे तसं चालत नाही. आपल्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी संपते. म्हणून घर विकायचं का ठेवायचं, हा निर्णय स्मरणशक्ती शाबूत असताना घ्यावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडे ओसीआय, म्हणजे भारताचं ‘परदेशस्थ नागरिक’ कार्ड, असतं; पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की एकदा तीन महिन्यांत तो आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. काटोलकडची वडिलोपार्जित संत्र्याची बाग वारशाने मिळू शकते, ओसीआयवाल्याला शेजारची दोन एकर विकत घेता येत नाही. बँकेच्या ओटीपीसाठी इथलं सिम रिचार्ज करत राहावं. बंद पडलेल्या नंबरामागे दोन-दोन हिवाळे जातात.

परतीच्या बॅगेत संत्री घालू नयेत, अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात. संत्रा बर्फीत दूध असतं, ती इंग्लंडमध्ये नेता येत नाही. शारजामार्गे जाणाऱ्यांनी कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल परवानगीशिवाय जवळ बाळगू नये, आणि खसखससुद्धा नको; संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे. आत्याबाईंनी बांधून दिलेल्या अनारशांचं काय, हा प्रश्न मग उरतोच. बिनखसखशीचे करा म्हटलं तर त्या म्हणतात, ‘मग तो अनारसा काहून जी?’ त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दिल्लीहून थेट जाणारं विमान घ्यावं.