शिबेनिकला मुक्काम: क्रका नदी, कोर्नाती आणि चुनखडीचा किनारा

क्रोएशियाला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक ही दोन नावे मनात धरून निघतात, आणि उरलेला किनारा बसच्या खिडकीतून पाहून घेतात. शिबेनिक हे शहर झादर आणि स्प्लिट यांच्या साधारण मध्यावर आहे आणि दोन्हींच्या विमानतळांवरून सुमारे तासाभरात तेथे पोहोचता येते. दाल्मेशिया, म्हणजे क्रोएशियाचा हा किनारी प्रदेश, नीट समजून घ्यायचा असेल तर मुक्काम येथेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. त्या एका दगडाचे नदीने काय केले, शिल्पकारांनी काय केले आणि शेतकऱ्यांनी काय केले, हे सारे या शहरातून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत येत पाहता येते.

सुरुवात शहरातल्या सेंट जेम्सच्या कॅथेड्रलपासून करावी. किनाऱ्यावरची इतर बरीच मोठी शहरे ग्रीक किंवा रोमन काळातली असली, तरी शिबेनिक क्रोएट लोकांनी वसवले. राजा पेतार क्रेशिमिर चौथा याच्या १०६६ च्या सनदेत त्याचा पहिला उल्लेख सापडतो. कॅथेड्रलचे काम १४३१ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. युराय दाल्मातिनात्स या शिल्पकार-स्थपतीने १४४१ मध्ये हे काम हाती घेतले आणि त्याच्या मृत्यूनंतर निकोला फिरेंतिनात्स याने ते पुढे नेले. भिंती, कमानी, घुमट, छप्पर हे सगळे दगडाचे आहे. त्यात वीट नाही आणि लाकडी तुळईही नाही. सुतार जसा खाचेत खाच बसवतो तशा मोठमोठ्या शिळा एकमेकींत बसवून हे छप्पर उभे केले आहे, आणि बाहेरून दिसणारा छताचा गोलाकार हाच आतून दिसणाऱ्या छताचा आकार आहे. या बांधणीमुळेच २००० मध्ये युनेस्कोने कॅथेड्रलला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मात्र माझा सर्वाधिक वेळ गेला तो मागच्या बाजूला. तेथे बाहेरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर, एकाहत्तर मानवी मस्तकांची रांग कोरलेली आहे. संत किंवा राजे नव्हेत, ती पंधराव्या शतकातल्या साध्या माणसांची मस्तके आहेत: मिशाळ पुरुष, कोवळ्या गालांची मुले, कपाळाला आठ्या घातलेला कोणी म्हातारा. एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. सकाळचे ऊन तिरपे पडते तेव्हा पापण्यांच्या कडा आणि ओठांच्या कोपऱ्यांतल्या बारीक रेषाही स्पष्ट दिसतात. सप्टेंबर १९९१ मध्ये क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी तोफगोळ्याने या इमारतीच्या घुमटाचे नुकसान झाले होते. दुरुस्ती इतकी काळजीपूर्वक झाली आहे की ती खूण शोधूनच काढावी लागते.

शहराबाहेर पहिला दिवस क्रका नदीला द्यावा. क्रका राष्ट्रीय उद्यान १९८५ पासूनचे आहे आणि त्यातला सर्वांत प्रसिद्ध धबधबा म्हणजे स्क्रादिन्स्की बुक: सतरा पायऱ्यांनी, एकूण सुमारे ४६ मीटर उतरणारे पाणी. हा धबधबा खडक झिजून झालेला नसून खडक वाढून झालेला आहे. नदीच्या पाण्यात चुनखडी विरघळलेली असते. पाणी आपटते, उडते, तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट शेवाळावर आणि पाणवनस्पतींवर साचत जाते. लाकडी पुलांवरून चालताना खाली वाकून पाहिले तर शेवाळाचा शेंडा हिरवागार दिसतो, त्याच्या बुडाशी राखाडी खर जमलेली असते आणि त्याखाली तर पक्का दगडच झालेला असतो. अशाच थरांनी नदीने स्वतःपुढे बंधारे बांधले आणि आजही ती ते बांधतेच आहे. २०२१ पासून या धबधब्यात पोहण्यास बंदी आहे आणि ती मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण इतक्या नाजूक थरांवर रोज हजारो पाय पडले तर ही घडण टिकणार कशी?

धबधब्याच्या काठावर जुन्या पाणचक्क्या जतन केल्या आहेत. खाली यारुगा वीजकेंद्राचे अवशेष आहेत, आणि महाविद्यालयात विद्युतशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ते पाहावेत असे मला वाटते. महापौर आंते शुपुक यांच्या पुढाकाराने उभारलेले हे केंद्र २८ ऑगस्ट १८९५ रोजी, म्हणजे नायगाऱ्याच्या केंद्रानंतर अवघ्या दोन दिवसांनी, सुरू झाले आणि येथून एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाची वीज तारांवरून शिबेनिकच्या रस्त्यांवरील दिव्यांपर्यंत पोहोचली. ज्या काळी युरोपातल्या अनेक मोठ्या शहरांत गॅसचे दिवे होते, त्या काळी या छोट्या बंदराने हे साधले.

जाताना स्क्रादिन गावातून बोटीने जावे. गाव लहान आणि निवांत आहे आणि बोट उंच कड्यांच्या मधून जाते. वरच्या अंगाला नदी रुंदावते तेथे विसोवात्स बेटावर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. १४४५ पासून ते तेथे राहत आले आहेत. वेळ कमी असेल तर विसोवात्स सोडून दिले तरी चालेल, पण स्क्रादिन्स्की बुक घाईत उरकू नये.

क्रकाचे पाणी शिबेनिकच्या उपसागरात उतरते आणि सेंट अँथनीच्या अरुंद खाडीतून खुल्या समुद्राला मिळते. या मुखाशी व्हेनिसच्या सत्तेने सोळाव्या शतकात त्रिकोणी सेंट निकोलस किल्ला बांधला. पाया दगडाचा, वरचा भाग विटांचा. २०१७ मध्ये तोही जागतिक वारशात आला. बोटीवरून दिसणारे त्याचे टोक समुद्रात शिरलेल्या नांगराच्या फाळासारखे आहे.

जवळच्या बेटांपैकी झ्लारिनवर मोटारी नाहीत, आणि तेथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लाल पोवळे काढण्याचा धंदा केला. क्रापान्य किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याची ओळख समुद्री स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांची. पर्विचवर मात्र फाउस्त व्रांचिच याच्यासाठी जावे. १५५१ मध्ये शिबेनिकला जन्मलेल्या या विद्वानाने १५९५ मध्ये पाच भाषांचा कोश छापला आणि पुढे यंत्रांच्या सचित्र ग्रंथात चौकोनी कापडाला लटकून मनोऱ्यावरून उतरणाऱ्या माणसाचे चित्र दिले. त्याची समाधी या बेटावरच्या चर्चमध्ये आहे आणि शेजारच्या संग्रहालयात त्याच्या यंत्रांचे नमुने मांडले आहेत.

कोर्नाती बेटांसाठी मात्र वेगळा दिवस हवा. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या समूहात ८९ बेटे आणि खडक आहेत. पहिल्या नजरेला ती उजाड वाटतात, कारण चराईच्या कुरणांसाठी जुनी झाडी जाळली गेली आणि माती उरली नाही. जरा वेळ पाहत राहिले की उघड्या टेकड्यांवरून सरळ रेषेत समुद्रापर्यंत उतरणाऱ्या दगडी भिंती दिसू लागतात. चुना किंवा माती न वापरता रचलेल्या या भिंती कोकणातल्या माणसाला लगेच ओळखीच्या वाटतील. आपल्याकडे त्यांना गडगा म्हणतात, फरक इतकाच की आपला दगड जांभा आणि यांचा पांढरा. मुर्तेर बेटावरच्या शेतकऱ्यांनी मेंढ्या अडवण्यासाठी आणि ऑलिव्हची झाडे राखण्यासाठी त्या रचल्या. ही रचनाकला २०१८ मध्ये क्रोएशियासह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ३० ऑगस्ट २००७ रोजी कोर्नात बेटावर लागलेल्या वणव्याने बारा अग्निशामकांचा बळी घेतला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे त्याच पद्धतीने, स्वयंसेवकांच्या हातांनी, जमिनीवर दगडांचे क्रूस रचले आहेत. बोटीवाल्याला विचारून तेथे जरूर उतरावे.

दक्षिणेला प्रिमोश्तेन आहे, जेथे दगडी भिंतींच्या लहान लहान चौकटींत बाबिच द्राक्षांचे वेल लावले आहेत. अर्धा दिवस पुरतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो चलन आहे आणि देश शेंगेन या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा-क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसावर जाता येते. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने निवडावेत. जुलै-ऑगस्टमध्ये क्रकावर रेटारेटी असते. शाकाहारी माणसाची फार अडचण होत नाही: लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेली ब्लित्वा ही पालेभाजी बटाट्यांसह जवळपास प्रत्येक खानावळीत मिळते. बुरा नावाचा ईशान्येचा कोरडा वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून कोर्नातीचा दिवस मुक्कामाच्या शेवटी ठेवू नये. सुरुवातीलाच ठरवावा, म्हणजे वाऱ्याने अडवले तर दुसरा दिवस हाताशी राहतो.