सकाळी नऊला म्हणाले "घरी जा", निघालो संध्याकाळी साडेसातला

बायकोचं ओपन हार्ट ऑपरेशन होऊन आता पाच महिने झाले. मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, बदलला, मेकॅनिकल (धातू-कार्बनचा कृत्रिम) बसवलाय. कुणी भेटलं की ऑपरेशनबद्दल विचारतं आणि मी दोन मिनिटांत डिस्चार्जच्या दिवसावर घसरतो. ती म्हणते, अरे छाती माझी उघडली होती, तुझी फाईल नाही. खरंय तिचं, पण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो कुठेतरी काढायलाच हवा.

ऑपरेशनच्या आधीचं फार सांगण्यासारखं नाही. लहानपणी ऱ्हुमॅटिक फीवर झालेला, त्यात व्हॉल्व्ह खराब होत गेलेला, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कळलं. टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतींपासून केलेला) की मेकॅनिकल हे मात्र नीट बसून विचारून घ्या, कारण टिश्यूचा साधारण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बदलावा लागू शकतो आणि मेकॅनिकल टिकतो पण रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉर्फरिन, जन्मभर. तिचं वय चाळिशीच्या आत, पुन्हा छाती उघडायची नाही म्हणून तिने मेकॅनिकल घेतला. निर्णय तिचा, मी फक्त शेजारी बसून मान हलवली.

ऑपरेशनच्या दिवशी मी पाच-सहा तास बाहेर खुर्चीवर. नंतर आयसीयूत पहिल्यांदा बघायला सोडलं तेव्हा तोंडात व्हेंटिलेटरची नळी, छातीखालून ड्रेनच्या नळ्या, मानेत लाईन, चेहरा सुजलेला. मला कुणी आधी सांगितलं असतं की असंच दिसतं तर माझे पाय लटपटले नसते, म्हणून तुम्हाला सांगतोय, असंच दिसतं. दुसऱ्या रात्री ती म्हणाली भिंतीवर कुणीतरी बसलंय. मी हादरलो, सिस्टर म्हणाल्या मोठ्या ऑपरेशननंतर असं भ्रमल्यासारखं होतं काहींना, वाद घालू नका, आज वार काय, आपण कुठे आहोत एवढं सांगत राहा, चष्मा द्या. दोन दिवसांत गेलं ते.

मग वॉर्ड. वॉर्डात सगळा खेळ आयएनआर नावाच्या आकड्याचा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यावरून कळतं. साध्या माणसाचा एकच्या आसपास असतो, मायट्रल जागी मेकॅनिकल व्हॉल्व्ह असेल तर अडीच ते साडेतीनमध्ये हवा, तिला तरी तेवढा सांगितला होता. वॉर्फरिन लगेच चढत नाही, चार-पाच दिवस घेते, तोवर रक्त पातळ ठेवायला हेपरिनची इंजेक्शनं. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि आम्ही रिझल्टची वाट बघायचो. 1.4. 1.7. 2.1. शेवटी 2.6 आला आणि सर्जन राऊंडला येऊन म्हणाले, "आज घरी जायला हरकत नाही."

वाजले होते नऊ. साडेनऊला ती घरचे कपडे घालून तयार, दहाला हातातली सलाईनची सुई काढली, माझी बॅग भरून झाली, भावाला गाडी घेऊन ये म्हणून फोनही करून टाकला. गाढवपणा. बिचारा दिवसभर पार्किंगमध्ये.

मला वाटलं होतं कागदपत्रं एकाच वेळी सगळीकडे चालू असतील. तसं नसतं. आधी ज्युनिअर डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहिणार, मग वॉर्डातली न वापरलेली औषधं फार्मसीला परत, मग फार्मसी आणि लॅबचा हिशोब बंद, मग फाईल बिलिंगला, मग फायनल बिल विमा कंपनीकडे, मग त्यांची मंजुरी. एकापाठोपाठ एक, आणि पहिलाच माणूस, ज्युनिअर डॉक्टर, त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये. हे मला कुणी सांगितलं नाही, मी आपला तासभर बिलिंगच्या खिडकीसमोर उभा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या फाईल खाली आली नाही. वर गेलो, वरचे म्हणाले फाईल खाली पाठवली. खाली आलो, फाईल आली नाही. चार मजले, तीन फेऱ्या, लिफ्टला रांग म्हणून जिन्याने.

पावणेदोनला फाईल सापडली. नर्सिंग स्टेशनवरच होती, ट्रेमध्ये, दुसऱ्या फाईलींच्या खाली, एक सही राहिली म्हणून. "राहिलं असेल" एवढंच म्हणाले. आणि दोनला शिफ्ट बदलली, म्हणजे ज्या सिस्टरला सगळं माहीत होतं त्या घरी गेल्या.

त्यात दुपारची औषधं आलीच नाहीत. जेवणाचा ट्रेही नाही. विचारलं तर कळलं की सिस्टीममध्ये तिचा डिस्चार्ज झालेला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने ती निघून गेली होती. छाती चिरून नऊ दिवस झालेली बाई समोर खुर्चीत बसलीये, दुखतंय म्हणून ओठ चावतेय, आणि ती तिथे नाहीच! मी तेव्हा ओरडलो. ओरडायला नको होतं, त्या मुलीची काही चूक नव्हती, पण गोळी दहा मिनिटांत आली हेही खरं. सल्ला द्यायचाच तर हा, की डिस्चार्ज म्हटल्यावर लगेच विचारा दुपारचा डोस कोण देणार, आणि हातात बिल येईपर्यंत पेशंटला बेडवरच राहू द्या. आमची सात तास खुर्चीत बसली, पाय सुजले.

साडेचारला विमा कंपनीचा प्रश्न आला, त्रास नेमका कधीपासून आहे याचं पत्र द्या. हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच्या मंजुरीतही विचारलं होतं आणि आम्ही दिलं होतं. माझ्या फोनमध्ये त्या पत्राचा फोटो होता म्हणून वाचलो, नाहीतर पुन्हा डॉक्टर, पुन्हा सही. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, अगदी फालतू वाटला तरी.

सहाला डिस्चार्ज समरी हातात आली. आता खरं सांगतो, मी ती वाचली ती शहाणपणा म्हणून नाही, करायला दुसरं काही नव्हतं आणि फोनची बॅटरी संपत आलेली म्हणून. औषधांच्या यादीत खाली डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा. मला आदल्याच दिवशी सिस्टरने बजावलं होतं की वॉर्फरिनवर असताना या जातीच्या पेनकिलर स्वतःच्या मनाने अजिबात घ्यायच्या नाहीत, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मग ही कुठून आली? तर ॲडमिट होताना आम्हीच सांगितलं होतं की गुडघा दुखला की ती ही गोळी घेते, ती "चालू औषधं" म्हणून जशीच्या तशी उतरली. आणि पुढची आयएनआर कधी करायची तिथे रकाना कोरा, वॉर्फरिनच्या डोससमोर "सांगितल्याप्रमाणे". कुणी सांगितल्याप्रमाणे?

ज्युनिअर डॉक्टर आला, बिचारा दिवसभर उभाच असणार, डोळे लाल. म्हणाला अरे हो, जुन्या लिस्टमधून आलं, आणि पेनने काट मारायला लागला. मी म्हणलं नाही, नवीन प्रिंट द्या. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की बस. पण घरी गेल्यावर सासूबाई गोळ्या काढून देणार होत्या, त्या काट बघतील की छापलेलं, काय सांगता येतं? चाळीस मिनिटं आणखी गेली. नवीन कागदावर डोस मिलिग्रॅममध्ये, पुढची आयएनआर तीन दिवसांनी, आणि रिझल्ट आल्यावर डोस कुणाला विचारायचा तो फोन नंबर. त्या चाळीस मिनिटांबद्दल मला आजही जरा छाती फुगवाविशी वाटते.

साडेसातला निघालो. गाडीत तिला मागे बसवलं, सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये छोटी उशी. ती उशी पुढे दोन महिने अंगाचा भागच झाली, खोकला-शिंक आली की छातीशी घट्ट धरायची.

घरचं भराभर सांगतो. छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे, तोवर जड उचलणं बंद, हाताने रेटा देऊन उठणं बंद, आणि तिला उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, हे पाहुण्यांनाही सांगावं लागतं. रोज सकाळी एकाच वेळी वजन, एकदम वाढलं तर अंगात पाणी साचत असू शकतं, डॉक्टरांना फोन. जखम लाल झाली, पाणी यायला लागलं, ताप आला, तरी फोन. पालेभाज्या बंद करायला लोक सांगतील, बंद नाही करायच्या, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या, नाहीतर आयएनआर वरखाली. दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर आधी व्हॉल्व्हचं सांगा, काही कामांआधी अँटिबायोटिक लागतं. बायकांसाठी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पुढून उघडणारी मऊ ब्रा आधीच आणून ठेवा, आधार नसला की जखमेवर ताण येतो. हे मी दुकानात विचारायला गेलो तेव्हाचा किस्सा राहू दे.

तिसऱ्या आठवड्यात ती काहीच कारण नसताना रडायची. तेही होतं म्हणाले, आणि झालं, आणि हळूहळू कमी झालं. मी तेव्हा विनोद करून बघितले, ते करू नका.

आणि हो, झोपायच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काढा. मेकॅनिकल व्हॉल्व्हची टिकटिक रात्री शांत झालं की ऐकू येते, तिलाही आणि मलाही. घड्याळ मिनिटाला साठ, ती ऐंशीच्या आसपास, दोन्ही जुळत नाहीत आणि झोप लागत नाही. पहिल्या आठवड्यातच रात्री दोनला तिने मला उठवलं आणि म्हणाली, यातलं एक बंद कर, कुठलं ते नीट बघून.