पहिला बल्ब करंट खातो का?

एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक असे एकाच वाटेवर लावले तर कुठला जास्त पेटेल, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते आणि दरवर्षी अर्ध्याहून जास्त हात ‘प्लसजवळचा’ म्हणून वर जातात. कारण विचारलं की, मॅडम त्याला करंट आधी मिळतो ना, तो थोडा खातो, उरलेला पुढच्याला. यात मुलांचा काही दोष नाही, आपण बोलतोच तसं. वीज वापरली, सेल संपला, हा पंखा फार करंट खातो. मग पुस्तकात ‘विद्युतधारा सगळीकडे सारखी असते’ हे वाक्य येतं, मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क पण मिळतात, आणि डोक्यातला खाणारा बल्ब जागच्या जागी.

आधी मी सरळ सांगून टाकायचे की हे चुकीचं आहे, दोन्ही सारखेच पेटतात. काही उपयोग नाही. आता आधी प्रत्येकाने कागदावर अंदाज लिहायचा, का ते पण लिहायचं, मग शेजारच्याशी भांडायचं आणि मगच स्विच दाबायचा. लिहिलेलं असलं की ‘मला हेच म्हणायचं होतं’ अशी पलटी मारता येत नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी 1991 च्या सुमारास कॉलेजच्या मुलांसाठी हे शेजाऱ्याशी वाद घालणं रीतसर शिकवण्यात आणलं, तिथली हुशार मुलं पण गणितं सोडवायची आणि साध्या सर्किटच्या प्रश्नाला अडकायची, हे वाचून मला जरा बरंच वाटलं होतं.

पण प्रयोग केला की सगळं सुटतं असं अजिबात नाही हं. एका वर्षी माझे दोन ‘सारखे’ बल्ब सारखे नव्हतेच, आणि नेमका प्लसजवळचा जास्त पेटला! वर्गात जल्लोष. मला घाम. मग सुचलं, सेल उलटा करा. आता तो बल्ब मायनसच्या बाजूला, तरी जास्त तोच पेटतोय. मग बल्बांच्या जागा बदलल्या तर उजेड बल्बाबरोबर गेला. म्हणजे नंबर पहिला की दुसरा याचा काही संबंध नाही, त्या बल्बाचा रोधच, म्हणजे धारेला होणारा अडथळाच जास्त आहे, धारा तीच पण उष्णता जास्त. तेव्हापासून मी मुद्दाम थोडे वेगळे बल्ब लावते. बिनचूक जुळणाऱ्या बल्बांनी एवढी चर्चा कधीच होत नाही. दोन्ही बाजूंना धारा मोजणारे अ‍ॅमीटर लावून 0.21 आणि 0.21 दाखवलं तर एकजण हमखास म्हणतो मीटर खराब आहे. मग मी मीटरांची अदलाबदल करते, बघ बाबा.

नंतर दोरी. दोरीचं मोठं कडं करून सगळ्यांनी सैल धरायचं, एकजण दोरी ओढत राहतो तो सेल, एकजण मूठ आवळतो तो बल्ब. दोरी सगळ्यांच्या हातातून सारखीच सरकते, कुठे कमी होत नाही, पण आवळणाऱ्याचा हात तापतो. करंट खर्च होत नाही, ऊर्जा जाते, हे हाताला कळतं. शिवाय ‘इलेक्ट्रॉन सुसाट पळत जातात म्हणून दिवा लगेच लागतो’ ही समजूत पण इथेच निघते, कारण दोरी हळू सरकली तरी समोरच्या हाताला लगेच कळतं. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 1 अँपिअर धारा असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला साधारण 0.07 मिलिमीटर पुढे सरकतात, म्हणजे मीटरभर जायला जवळपास चार तास! समांतर जोडणीला, म्हणजे प्रत्येक बल्बाला वेगळी वाट असते तिथे मात्र ही दोरी वापरू नका, गुंता होतो, अक्षरशः.

चुंबकाचं प्रकरण वेगळंच. आपल्या शब्दातच लोह आहे, लोहचुंबक, तरी चुंबक सगळ्या धातूंना चिकटतं असं कितीतरी मुलांना वाटतं. तांब्याची तार, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हातात दिली की ते पाच मिनिटांत जातं. मग मी अ‍ॅल्युमिनियमच्या पाईपमधून जोरदार निओडिमियम चुंबक सोडते, तो रमतगमत खाली येतो आणि सगळे गार. लगेच नवी समजूत तयार: आतून थोडं चिकटत असेल. म्हणून चुंबक पाईपला बाहेरून नुसता टेकवून धरायला लावते. काही नाही. हलला तरच अडतो, म्हणजे फॅरेडेने 1831 मध्ये पाहिलं तेच, चुंबकीय क्षेत्र बदललं तरच धारा निर्माण होते, आणि इथे ती पाईपच्या भिंतीत गोल गोल फिरून चुंबकाला विरोध करते.

गेल्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, पाईपला उभी चीर पाडली तर? धारेला गोल फिरायला वाटच तुटेल ना? मी उत्तर दिलं नाही, सगळ्यांकडून अंदाज लिहून घेतले. चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये आहेत, पाईप कापायचाय अजून, आणि लॅबमधली करवत कोण घेऊन गेलंय देव जाणे.